कोळशाची कमाई चालू आहे तोवर

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
नियामक परिषद, जिल्हा खनिज प्रतिष्ठान,
चंद्रपूर.

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्यहो,


आपल्या जिल्ह्यातून निघणाऱ्या कोळशाच्या किमतीवर चौदा टक्के स्वामित्वधन लागतं आणि 2015 पूर्वीच्या खाणपट्ट्यांवर त्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के इतकी वेगळी रक्कम आपल्या प्रतिष्ठानकडे जमा होते. म्हणजे शंभर रुपयांच्या कोळशामागे चार रुपये वीस पैसे. ऐकायला ही रक्कम किरकोळ वाटते. पण स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जातं, नफा कंपनीकडे जातो, वीज तारांवरून मुंबई-पुण्याकडे जाते, आणि कायद्याने या जिल्ह्यासाठी म्हणून राखलेला खाणीचा पैसा हाच आहे. तो कशावर खर्च व्हावा हे ठरवणारे आपण आहात, म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

मी याच जिल्ह्यात पदार्थविज्ञान शिकवते. माझं मागणं थोडक्यात असं : या पैशातला एक ठरावीक वाटा दरवर्षी, न चुकता, अशा ज्ञानावर आणि कौशल्यावर खर्च व्हावा, जे शेवटची खाण बंद झाल्यावरही जिल्ह्यात राहील. हे मागणं नवं नाही. पण ते आत्ताच का करायला हवं आणि आजवर ते आपण का मनावर घेतलं नाही, याची कारणं नीट मांडायला हवीत.

खाण संपताना या जिल्ह्याने एकदा पाहिली आहे. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण 1870 च्या दशकात सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, गाव वाढलं, आणि 1906 मध्ये खाण बंद झाली. त्यावर उपाय काय झाला? काम बल्लारपूरकडे सरकलं. पुढे घुग्घुस, माजरी, राजुरा, दुर्गापूर, पद्मापूर. एक थर संपला की दुसरा, भूमिगत परवडेना की खुली खाण. सव्वाशे वर्षं आपल्याकडे याच प्रश्नाचं एकच उत्तर राहिलं, पुढचा खाणपट्टा. आता तेच उत्तर गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिजाच्या रूपाने दिलं जात आहे. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, पण सुरजागडकडे पाहताना चंद्रपूरचा हा इतिहास डोळ्यांआड होऊ नये.

ज्या प्रदेशात जमिनीतून सहज पैसा निघतो, तिथे नवं काही घडवण्याची निकड मंदावते, हे अर्थशास्त्रात बऱ्याच काळापासून बोललं जातं. नेदरलँड्समध्ये 1959 मध्ये ग्रोनिंगेनला वायूचा प्रचंड साठा सापडला. पुढच्या काळात तिथल्या बाकीच्या कारखानदारीला जी ओहोटी लागली, तिला 1977 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने ‘डच रोग’ असं नाव दिलं. पण हा रोग समजायला आपल्याला नेदरलँड्सला जायची गरज नाही. माझ्या वर्गातला एखादा मुलगा हाताचा चांगला असतो, मोटर उघडून बसवतो, सर्किट चटकन समजतो. त्याच्या घरची जमीन खाणीत गेली असेल तर सातबाराच्या बदल्यात मिळणारी नोकरी हे त्याच्यापुढचं सर्वांत सुरक्षित स्वप्न असतं. नोकरीचा नंबर लागला नाही तर टिपर घ्यायचा, जेसीबी घ्यायचा, कुणा ठेकेदाराच्या हाताखाली वाहतुकीचं काम धरायचं. यात त्या मुलाचं काहीच चुकत नाही. इथे यंत्र विकत घेऊन खाणीत लावण्यात जो पैसा आहे, तो यंत्र बनवण्यात नाही. बँकही टिपरला कर्ज देते, कारण खाणीची बिलं निघतात हे तिला ठाऊक असतं. त्याच मुलाने उद्या खाणीच्या पाण्यातला क्षार काढणारं छोटं संयंत्र बनवायचं ठरवलं, तर त्याला कर्ज कोण देणार, ते घेणार कोण आणि आधी ते तपासून पाहायला प्रयोगशाळा कुठे मिळणार?

याची दुसरी बाजू मुंबईने दाखवली आहे. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालायच्या आणि मुंबईजवळ कोळसा नव्हता. तो बंगालसारख्या दूरच्या मुलखातून आणावा लागे, महाग पडे, आणि शहरावर धूर साचे. या अडचणीतून जमशेटजी टाटांच्या मनात सह्याद्रीच्या पावसाची वीज करण्याची कल्पना रुजली. ते गेल्यानंतर ती प्रत्यक्षात आली. लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी साठवून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचं आणि तिथून तारांनी वीज मुंबईला न्यायची, हे त्या काळात जगातही फारसं कुणी केलेलं नव्हतं. 1915 मध्ये ती वीज गिरण्यांना मिळाली. मुंबईच्या शेजारी वर्धा खोऱ्याइतका कोळसा असता, तर हा खटाटोप कुणी केला असता असं मला वाटत नाही.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. त्याच योजनेच्या पुढच्या टप्प्यात मुळशीच्या खोऱ्यातल्या मावळ्यांची शेतं आणि गावं बुडाली. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला, आणि तरीही धरण झालंच. धूर नसलेली वीजसुद्धा कुणाच्या तरी जमिनीवरच उभी राहते. चंद्रपूरच्या प्रकल्पग्रस्तांना हे सांगावं लागत नाही, आणि ‘हरित’ हा शब्द लावला की सगळं माफ, असा माझा मुद्दा नाही, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

अडचणीतून शोध लागतात, मग संपन्न प्रदेशाने काय करायचं? मुद्दाम अडचण निर्माण करायची? तसं नाही. आणि आपल्याकडे शोध लागतच नाहीत असंही नाही. ते कोणत्या प्रकारचे लागतात, हे मात्र पाहावं लागेल.

वेस्टर्न कोलफील्ड्सने (वेकोलि) नागपूर जिल्ह्यात खाणीच्या वरच्या मातीतून, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘ओबी’ म्हणतो त्यातून, वाळू वेगळी काढण्याचे प्रकल्प उभारले. नदीतली वाळू उपसण्याऐवजी ढिगाऱ्यातली वाळू घरबांधणीला वापरली गेली. हे काम चांगलं आहे आणि ते इथल्या अभियंत्यांनी केलं आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचंही तसंच. 1999 पासून राखेच्या वापराचे नियम आले, 2021 च्या अखेरीस ते आणखी कडक झाले. आज ही राख विटांत जाते, रस्त्यांच्या भरावात जाते, कोरपना-राजुरा-घुग्घुस पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांत जाते. हे सगळं हरितच आहे. पण याचा पाया तपासला तर दिसेल की ओबीची वाळू खाण चालू असेपर्यंत मिळते आणि राखेची वीट केंद्र चालू असेपर्यंत बनते. कोळशाचा त्रास कमी करणारे हे शोध कोळशाला आणखी घट्ट धरून राहतात. राखेच्या विटांचा व्यवसाय करणाऱ्या बाईला उद्या केंद्राचा एखादा जुना संच बंद होणार असं कळलं, तर ती आनंदी होणार नाही, घाबरेल. तिचा हरित व्यवसाय आता कोळशाच्या बाजूने उभा आहे.

साधनसंपत्तीवर अवलंबून असलेल्या प्रदेशात हरित शोध लागतात ते बहुतेक असे, जुन्या वाटेला सुसह्य करणारे. जुन्या वाटेशिवाय जगायला शिकवणारे शोध आपोआप लागत नाहीत, कारण त्यांचं गिऱ्हाईक अजून जन्माला आलेलं नसतं. त्यांच्यासाठी कुणीतरी ठरवून, काही वर्षं फळाची वाट न पाहता पैसा लावावा लागतो. खाणकंपनी तो लावणार नाही. तिचं काम कोळसा काढणं आहे आणि देशाला आज तो हवा आहे. 2024-25 मध्ये भारताचं कोळशाचं उत्पादन वर्षाला शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं. तेव्हा कोळसा उद्या संपणार आहे असा धाक मी आपल्याला घालत नाही. उलट, खाणी जोरात चालू आहेत आणि प्रतिष्ठानकडे पैसा येतो आहे, म्हणूनच ही वेळ योग्य आहे. खाणी आटू लागल्या की हा निधीही त्यांच्याबरोबर आटेल, आणि नेमकी तेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असेल.

आपल्या जवळचंच बांबूचं उदाहरण घ्या. बल्लारपूरच्या कागद गिरणीने गेल्या शतकाच्या मध्यापासून या जंगलांतला बांबू खाल्ला. पिढ्यान् पिढ्या इथून बांबूचे ट्रक गेले. बांबूपासून याहून मोलाचं काय बनू शकतं, तो टिकवायचा कसा, कोणती जात कशाला चांगली, बुरूड कारागिराच्या हाताला कोणतं हत्यार हवं, हे शिकवणारं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र चिचपल्लीला उभं करण्याचा निर्णय झाला तो 2014 मध्ये. कच्चा माल जाऊ लागल्यापासून त्याचं ज्ञान इथे रुजवायचा विचार होईपर्यंत साठाहून जास्त वर्षं गेली. कोळशाच्या बाबतीत आपण दीडशे वर्षांच्या घरात आहोत आणि कोळशानंतरच्या जगण्यावर काम करणारी अशी एकही जागा जिल्ह्यात नाही.

यंत्रं आली, ज्ञान राहिलं नाही, याची खूण भद्रावतीला आणि चंद्रपूरला उभी आहे. भद्रावतीचं एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश विजेचं, केंद्र देशाच्या पश्चिम आणि दक्षिण भागांच्या वीजजाळ्यांना जोडण्यासाठी नव्वदच्या दशकात बांधलं गेलं. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची उच्च दाबाची एकदिश वाहिनी जाते, दीड हजार मेगावॅट वाहून नेणारी. सौर आणि पवन ऊर्जा दूरवर नेण्यासाठी आज जगभर ज्या तंत्राची चर्चा आहे, ते तंत्र आपल्या तालुक्यांत पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. त्याच रस्त्याने रोज कॉलेजला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना त्या कुंपणाच्या आत काय चालतं याची कल्पना नसते. तिथे आत जाऊन शिकायची, तिथल्या अभियंत्यांनी आठवड्यातून एकदा येऊन शिकवायची सोय कुणी केली नाही, कारण ती करणं कुणाचंच काम नव्हतं.

नॉर्वेने हे काम कुणाचं तरी केलं. तिथे 1969 मध्ये समुद्रात एकोफिस्कचा तेलसाठा सापडला, तेव्हा तेल काढायचं ज्ञान परदेशी कंपन्यांकडे होतं. नॉर्वेच्या तेलनिधीबद्दल सगळे बोलतात. त्याचा कायदा 1990 चा आणि पहिली रक्कम त्यात जमा झाली ती 1996 मध्ये. त्याच्या आधीची एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. 1979 पासून नॉर्वेने परदेशी कंपन्यांना तेलक्षेत्रं देताना असं पाहायला सुरुवात केली की त्या आपलं संशोधन नॉर्वेतल्या संस्थांकडून किती करवून घेतात. त्यामुळे ट्रॉन्डहाइमसारख्या शहरांतल्या प्रयोगशाळांत काम आलं, तरुण अभियंते घडले, खोल समुद्रात तरंगती रचना कशी उभी ठेवायची याचं कसब देशात साठलं. त्याच कसबातून 2009 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ मोठ्या आकाराची पहिली तरंगती पवनचक्की उभी राहिली. 2017 मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात अशा पवनचक्क्यांचं अख्खं क्षेत्र सुरू झालं. तेलाच्या कामात घडलेले हात वाऱ्याच्या कामाला लागले. नॉर्वे आजही तेल आणि वायू विकून श्रीमंत आहे आणि त्याबद्दल त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण साधनसंपत्ती असली की बुद्धी गंजतेच, हा समज मात्र त्या देशाने खोटा ठरवला. काढून नेण्याची परवानगी आणि इथे शिकवण्याची अट, या दोन्ही गोष्टी त्याने एकत्र बांधल्या.

जर्मनीच्या रूर खोऱ्याने उशीर केला. शंभरहून जास्त वर्षं कोळसा आणि पोलाद यांवर चाललेल्या त्या दाट वस्तीच्या प्रदेशात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्यापीठ नव्हतं. कामगार हवे होते, पदवीधर नकोत. 1958 पासून कोळशाला उतरती कळा लागली आणि मग धावपळ झाली. बोखुमचं विद्यापीठ 1965 मध्ये सुरू झालं, डोर्टमुंडचं 1968 मध्ये. शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली 2018 च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे घसरण सुरू झाल्यापासून शेवटापर्यंत साठ वर्षं गेली, श्रीमंत देशाचा भरपूर पैसा गेला, तरीही त्या पट्ट्यातल्या काही शहरांत बेकारी हटलेली नाही. आणि तिथल्या खाणींचं एक देणं अजून फिटलेलं नाही, फिटणारही नाही. खाली पोकळ झालेल्या जमिनीवर वस्त्या आहेत आणि खाणींतलं पाणी वर येऊ नये म्हणून पंप कायम चालू ठेवावे लागतात. त्या खर्चासाठी 2007 मध्ये वेगळी संस्था नेमावी लागली. तिची जबाबदारी संपण्याची तारीखच नाही.

हे वाचताना मला घुग्घुस आठवतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आमराई वॉर्डात एक राहतं घर पाहता पाहता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. जिल्ह्यात अशा जुन्या पोकळ्या कुठे कुठे आहेत, त्यांच्यावर कोणती घरं, शाळा, रस्ते आहेत, याचा नकाशा वॉर्डातल्या माणसाला वाचता येईल असा उपलब्ध असला पाहिजे. जमिनीची हालचाल मोजणारी साधी उपकरणं आमच्यासारख्या कॉलेजांतली मुलं बनवू शकतात. उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन किती खचली हे काढण्याचं तंत्र शिकता येतं. रूर खोऱ्याला हे ज्ञान लागलं, तसं ते झारखंडच्या झरियाला लागतं, तेलंगणच्या सिंगरेणीला लागतं. एका जागेच्या दुखण्यातून उभं राहिलेलं हे कसब देशभर विकता येण्याजोगं आहे. ‘हरित नवोपक्रम’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चकचकीत पॅनेल येतात. माझ्या डोळ्यांपुढे आधी घुग्घुसचा नकाशा येतो.

पॅनेलबद्दलही लिहायलाच हवं, कारण निधीतून हरित काम म्हणून दाखवायला सौर दिवे सर्वांत सोपे. चौकात सौर हायमास्ट, ग्रामपंचायतीच्या छतावर पॅनेल, पाणीपुरवठ्याला सौर पंप. हे वाईट नाही, गावात उजेड पडतो. पण पॅनेल बाहेरून आलं, इन्व्हर्टर बाहेरून आला, बसवणारा ठेकेदार बाहेरचा, आणि तिसऱ्या वर्षी बॅटरी गेली की तो खांब नुसता उभा. हरित वस्तूंची खरेदी आणि हरित कसबाची उभारणी यांत फरक आहे आणि तो निविदेच्या कागदावर दिसत नाही. मी मुलांना एक हिशेब करायला देते. पॅनेलची ताकद 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. त्याच्या वर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी मिळते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा उन्हात तापलेलं पॅनेल 65 अंशांच्याही वर असतं. म्हणजे कागदावरच्या विजेतून बारा ते सोळा टक्के नुसत्या तापण्यात गेले. वर कोळशाची आणि राखेची धूळ बसते, ती वेगळी. ती धुवायला पाणी हवं आणि मे महिन्यात पाणी कुठे आहे? पाण्याविना पॅनेल साफ कसं करायचं, मागून गार कसं ठेवायचं, कोणत्या उताराने बसवलं तर धूळ कमी टिकते, हे प्रश्न चंद्रपूरचे आहेत. गुजरातच्या किंवा चीनच्या कारखान्याला ते आपल्यासाठी सोडवायचं काही कारण नाही. ते इथेच सुटले तर बल्लारपूर, कोरबा, सिंगरौली, तालचेर या सगळ्या कोळसापट्ट्यांना उपयोगी पडतील.

असेच प्रश्न हाताशी पडलेले आहेत. खुल्या खाणींतून उपसलेलं पाणी, मातीच्या ढिगाऱ्यांवर पुन्हा तगणारी झाडं, सोडून दिलेल्या खाणींतले तलाव, पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या माणसांना 46 अंशांत झोप लागू देईल असं स्वस्त छप्पर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांचं मोजमाप केलं तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांनी चौथं आलं होतं. हे गुण चांगले नव्हेत, प्रदूषणाचे होते. जिथे प्रश्न इतके दाटलेले आहेत, तिथे ते सोडवायचं कसब वाढायला हवं. ते काम करणारे हातही इथे आहेत. खाणीतला पंप ऑपरेटर, शॉव्हेलचा फिटर, केंद्रातला इलेक्ट्रिशियन, सर्व्हेअर ही माणसं उच्च दाबाची वीज, अवजड यंत्रं आणि जमिनीचं पोट ओळखून आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडचं ज्ञान घरात बसून राहतं. आयटीआयच्या मुलांपुढे त्यांना उभं करायला फार पैसा लागत नाही.

खाणीच्या पैशातून ज्ञानाची संस्था उभी राहिल्याची परंपरा विदर्भातच आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात आपली संपत्ती उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. तिथून बाहेर पडलेले रासायनिक अभियंते देशभर पसरले. त्यांच्या खाणींतलं खनिज केव्हाच वितळून गेलं असेल, संस्था आजही चालू आहे. एका माणसाने स्वतःच्या मृत्युपत्रात जे केलं, ते करण्यासाठी आपल्याकडे कायद्याने आलेला निधी आहे.

प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत वर्षाच्या जमेतला दहा टक्क्यांपर्यंतचा भाग राखीव निधी म्हणून बाजूला ठेवण्याची मुभा आहे. खाण संपल्यावर बाधित भागातल्या लोकांची उपजीविका टिकावी, हा त्यामागचा हेतू. कौशल्यविकास आणि पर्यावरण हे विषय तर उच्च प्राधान्यात आहेतच. म्हणजे मी आपल्याकडे नियमाबाहेरचं काही मागत नाही.

पहिली आणि सर्वांत खरी हरकत मला ठाऊक आहे. प्यायला शुद्ध पाणी नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, अंगणवाडीचं छप्पर गळतं, आणि तुम्ही संशोधनाच्या गोष्टी करता? खाणीजवळच्या गावातली एखादी बाई मला असं विचारेल तेव्हा मी तिच्याशी वाद घालणार नाही. पाण्याचा पैसा पाण्यावरच गेला पाहिजे. मी बोलते आहे ते फार तर त्या दहा टक्क्यांबद्दल आणि पायाभूत सुविधांच्या नावाखाली होणाऱ्या खर्चाबद्दल. गरज संपलेली सभागृहं, कुणी न मागितलेले पेव्हर ब्लॉक, प्रवेशद्वारं, सुशोभीकरण. निधीतून अशी किती कामं झाली याचा हिशेब आपल्याच कार्यालयात आहे. आणि ज्या गावात आज पाणी खारं आहे, तिथलं पाणी गोड करायचं स्वस्त तंत्र इथल्या मुलांनी बनवलं, तर ते पाण्यावरचाच खर्च नव्हे का?

दुसरी हरकत अशी येईल की संशोधन संस्था म्हणजे आणखी एक इमारत, आणखी एक उद्घाटन. माझीही हीच भीती आहे, म्हणून नवी इमारत नको असं मी आग्रहाने लिहिते. चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 पासून आहे. तंत्रनिकेतन आहे, तालुक्यांना आयटीआय आहेत, गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, चिचपल्ली आहे. या जागांमध्ये एक चांगली कार्यशाळा, पाणी आणि माती तपासायची प्रयोगशाळा, आणि पाच-पाच वर्षांच्या मुदतीवर नेमलेली थोडी माणसं एवढं पुरेल. खर्चाचा मोठा भाग पगारांवर आणि शिष्यवृत्त्यांवर जावा, सिमेंटवर नको. तीन वर्षांत काहीच जमलं नाही तर तो प्रयोग बंद करावा आणि का जमलं नाही ते प्रसिद्ध करावं. एखाद्या प्रयोगात पैसा वाया गेला म्हणून चौकशी लागणार नाही, इतका विश्वास लेखापरीक्षणातही असायला हवा, नाहीतर कुणी अधिकारी यात सही करणार नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण सरकारी पैशातून नवं काही घडत नाही त्याचं निम्मं कारण हेच असतं.

आणि कंपन्यांना अट घाला. कायद्याने घालता येते तिथे कायद्याने, नाहीतर सामाजिक दायित्वाच्या निधीच्या बैठकीत शब्द टाकून. इथे कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज करणाऱ्या कंपन्यांच्या संशोधनशाळा कुठे आहेत ते त्यांना विचारा. त्यांच्या कामातले दहा प्रश्न त्यांनी दरवर्षी जिल्ह्यातल्या संस्थांपुढे ठेवावेत, सोडवणाऱ्यांना मोबदला द्यावा, आपल्या यंत्रांपर्यंत विद्यार्थ्यांना येऊ द्यावं. सुरक्षेचं कारण पुढे होईल. हेल्मेट आणि बूट घालून मुलं येतील.

मागच्या एप्रिलमध्ये मी एका उद्योगाकडे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी ओबीच्या मातीचे नमुने मागितले होते. तीन कार्यालयांत फिरून शेवटी पत्राला उत्तरच आलं नाही. नमुना म्हणजे पोतंभर माती, जी बाहेर डोंगराएवढी पडलेली आहे. कुणी वाईट हेतूने अडवलं असं मला वाटत नाही. ती द्यायला सांगणारा नियम नव्हता, इतकंच. आपल्या परिषदेचा एक ठराव असता तर ते पोतं मिळालं असतं.

म्हणून विनंती अशी की आपल्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे तीन विषय घ्यावेत : राखीव निधी कधीपासून आणि किती टक्क्यांनी सुरू करायचा, जिल्ह्यातल्या संस्थांमधल्या कार्यशाळांसाठी पहिल्या पाच वर्षांची तरतूद, आणि जुन्या भूमिगत खाणींचा नकाशा लोकांसाठी खुला करणं. निर्णय काहीही झाला तरी बैठकीचं इतिवृत्त मराठीत, ग्रामपंचायतींच्या फलकावर लागेल अशा रीतीने प्रसिद्ध व्हावं. बैठकीत मांडणी करायला बोलावलंत तर मी येईन, माझ्याबरोबर दोन निवृत्त खाणकामगार आणि चार विद्यार्थीही येतील. कागदपत्रांची आणि हिशेबांची तयारी आम्ही करून ठेवली आहे.

आपली नम्र,
पदार्थविज्ञानाची एक शिक्षिका,
जिल्हा चंद्रपूर